गद्याला चालू, गाण्याला बंद

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं यंत्र आहे. हल्लीच्या शेंगदाण्याएवढ्या यंत्रांशी माझी गल्लत करू नका. ती कानामागे लपून बसतात. मी काडेपेटीहून थोडा मोठा, राखाडी पत्र्याचा डबा आहे आणि लपून बसण्याची मला कधी गरज वाटली नाही. माझ्या पाठीला खिशात अडकवायचा चाप आहे, डोक्यावर आवाज कमीजास्त करायची दातेरी चकती आहे, बाजूला चालू-बंदचं बटण आहे. माझ्यातून निघालेली पातळ वायर मालकिणीच्या उजव्या कानात जाते. त्या वायरला आता दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे, पण काम चालतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून माझ्या तारा जोडत होत्या आणि जोडता जोडता एकमेकींना घरची गाऱ्हाणी सांगत होत्या. शेवटी एका तपासनिसानं माझ्यासमोर आकडे म्हटले, चार सोपे शब्द म्हटले आणि "पास" म्हणून मला खोक्यात ठेवलं. गाणं काही कुणी म्हणून पाहिलं नाही. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण जगात गाणं नावाची चीज असते हेच मला ठाऊक नव्हतं.

दुकानातून मला घरी आणलं ते भाऊंनी. भाऊ बसमध्ये कंडक्टर होते आणि "पुढे सरका" हेसुद्धा सुरात म्हणायचे. बायको गेली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले. बहीण दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर दोन खोल्या. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या. जग त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे, भाऊ ताई म्हणत, आणि त्या मात्र भावाचे केस पिकले तरी त्याला धाकट्याच म्हणत.

दात कोरायचं मशीन वर्षानुवर्षं कानाशी किरकिरत राहिलं आणि बाईंचे कान हळूहळू कामातून गेले. खुर्चीतला पेशंट ओरडतोय हे त्यांना दिसायचं, ऐकू यायचं नाही. पण भाऊंनी मला आणलं ते पेशंटच्या भल्यासाठी नव्हे. दोघंही भावंडं नाटकवेडी. लहानपणी वडिलांनी बोट धरून संगीत नाटकांना नेलेलं, त्यांतली पदं दोघांना तोंडपाठ. माझा चाप बाईंच्या कोटाच्या खिशाला भाऊंनी स्वतःच्या हातानं लावला.

"ताई, शनिवारी दुपारचा प्रयोग. तिसरी रांग. आता एक सूर सुटायचा नाही बघ तुझा!"

त्या शनिवारी पडदा वर गेला आणि पहिल्याच विनोदाला बाई सगळ्यांच्या बरोबर हसल्या. आधी लोक हसले की त्यांच्याकडे बघून त्या हसायच्या. भाऊंनी नाटक सोडून बहिणीकडेच पाहिलं. मी तर खिशात फुगलो होतो. आणि मग नायिकेनं गायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझी घडण बोलण्यासाठी झालेली आहे. गाणं माझ्यात शिरलं आणि बाहेर पडलं ते पत्र्यावर खिळे ओतल्यासारखं. सूर नाही, चाल नाही, नुसता खडखडाट. बाईंचे खांदे ताठ झाले. थोडा वेळ त्यांनी सोसलं. मग त्यांचं बोट हळूच खिशात आलं आणि माझं बटण बंद झालं.

मध्यंतरात बाईंनी मला पुन्हा चालू केलं तेव्हा भाऊंनी विचारलं, "कसं वाटलं गाणं?"

त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की कुणालाही खरं बोलणं जड गेलं असतं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग म्हणाल्या, "खरं सांगू? गाणी मला हल्ली आवडत नाहीत रे. नाटक थांबतं त्यात."

"यंत्र ठीक चालतंय ना?"

"यंत्र एकदम झकास आहे."

भाऊंनी तिकिटांची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तसं मलाही आताशा गद्यच बरं वाटतं. पुढच्या वेळी गद्य नाटकाची तिकिटं काढतो."

झालं! तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं गद्य नाटकाला जाऊ लागलो. बाई, भाऊ आणि बाईंच्या खिशात मी.

ती माझी वैभवाची वर्षं. बाईंच्या मतांना त्या थिएटरात फार वजन होतं. मध्यंतरात कॅन्टीनवाला कॉफीचा कप पुढे करायचा आणि विचारायचा, "बाई, काय निकाल?" आजूबाजूचे लोक कान टवकारायचे. बाई म्हणायच्या, "पहिला अंक म्हणजे भूल. ती चढायला वेळ लागतो, मान्य. पण दुसऱ्या अंकात दात निघाला नाही, तर माणसाला खुर्चीत बसवलं कशाला?" एक नट रडण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याच्याबद्दल त्या म्हणाल्या, "रडायचं ते प्रेक्षकांनी. यानंच सगळं रडून घेतलं, आम्ही काय करायचं?" दार लोटलं की भिंत हलणाऱ्या नेपथ्यावर त्यांचा विशेष राग होता. कुणी प्रयोग चालू असताना चॉकलेटचा कागद चुरचुरवला, तर मागे वळून गोड आवाजात म्हणायच्या, "खा, खा. सोमवारी दवाखान्यात भेटूच."

"ताई नाटक बघत नाही, नाटकाचा एक्स-रे काढते," असं भाऊ अभिमानानं सांगत.

पण विषय संगीत नाटकाचा निघाला की बाईंची जीभ फारच धारदार व्हायची. एक खोटं मत पदरी बाळगलं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. "घराला आग लागली तरी नायक आधी तीन कडवी म्हणणार. तोवर बंब येऊन, आग विझवून, परत जाईल." लोक पोट धरून हसायचे. भाऊही हसायचे, पण त्यांचं हसू कपाच्या काठाशीच संपायचं.

खरी गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती. दवाखान्यात पेशंट नसला की बाई मला कानातून काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायच्या आणि चिमटे पुसता पुसता लहानपणचं एखादं पद गुणगुणायच्या. माझं बटण बंद करायला त्या नेहमीच विसरायच्या, म्हणून मला ते ऐकायला मिळे. कानांवर भिस्त नसलेला तो आवाज वेडावाकडा असायचा, पण त्यात इतकी ओढ असायची की मला वाटे, आपण कशाला जन्माला आलो? जिन्यावर भाऊंची सावली दिसली की बाई गप्प व्हायच्या.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. एका शनिवारी आम्ही एक भलतंच पुटपुटणारं नाटक बघत होतो. नट काय बोलतात ते कळेना, म्हणून बाईंनी माझी चकती पार टोकाला नेऊन ठेवली होती. मध्यंतरात त्या भिंतीवरचे नटांचे फोटो बघत उभ्या राहिल्या. पाठीमागे भाऊ आणि कॅन्टीनवाला बोलत होते.

"काय हो कंडक्टर, तुमच्या डेपोची हौशी मंडळी नवं संगीत नाटक बसवतायत म्हणे? चाली देणाऱ्या मास्तरांनी तुम्हाला नावाड्याचं काम देऊ केलं आणि तुम्ही नाही म्हणालात?"

भाऊंनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं असावं. कारण त्यांनी आवाज खाली आणला. माझ्यापुढे ते काय उपयोगाचं!

"कसं हो म्हणू? ताईला गाणं अजिबात सहन होत नाही. मी तिकडे गात बसणार आणि ही इथे शनिवारी एकटी?"

"आणि तुम्हाला नाही वाटत गावंसं?"

"वाटतं की. फार वाटतं. पण सोडलं ते. संगीत नाटक बघणंच सोडलं ना तिच्यासाठी. ही गद्य नाटकं... तुम्ही कुणाला सांगू नका, निम्म्या वेळा मला झोप लागते. पण ताईला आवडतात ती."

बाईंच्या हातातली कॉफी हिंदकळली आणि तिचा एक गरम थेंब माझ्यावर पडला. मित्रांनो, त्यांना काय वाटलं असेल ते मी ओळखू शकतो, कारण त्यांचं मन मला ठाऊक होतं. गद्य नाटकांचा त्यांनाही कंटाळाच यायचा. धाकट्याला आवडतात म्हणून त्या यायच्या! दोन माणसं एकमेकांच्या सुखासाठी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसून कंटाळत होती आणि दोघांना हवं ते गाणं रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या थिएटरात चालू होतं.

घरी परतताना बाई म्हणाल्या, "धाकट्या, नावाड्याचं काम घे."

भाऊ चालता चालता थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"कान आहेत मला. दुकानातून आणलेले का असेनात."

"पण ताई, तुला गाणं..."

"मी येईन. तिसऱ्या रांगेत बसेन. आणि वाईट गायलास तर चारचौघांत सांगेन."

भाऊंनी तिथपासून घरापर्यंत एकही वाक्य सरळ म्हटलं नाही, सगळं गाऊन म्हटलं. खरं काय ते सांगायला बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्या आनंदावर पाणी टाकायचं त्यांच्या जिवावर आलं.

प्रयोगाच्या दिवशी बाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली. दुसऱ्या अंकात भाऊ वल्हं घेऊन आले. मिशा लावलेल्या, डोक्याला फडकं बांधलेलं. त्यांनी एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि गायला लागले. जुनं पद असतं, तर बाईंनी मला बंद करून ओठांकडे बघितलं असतं आणि आठवणीतून सगळं ऐकलं असतं. पण हे गाणं नवीन होतं. मास्तरांनी नुकतंच रचलेलं. आठवणीत ते नव्हतंच.

बाईंनी मला बंद केलं नाही. माझी चकती वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. शेवटी त्यांनी मला खिशावरूनच मुठीत घट्ट धरलं, जणू पिळून माझ्यातून सूर निघणार होता. निघाला तो खडखडाट. मी जन्मात एवढा कधी तळमळलो नाही. गाणं संपलं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

नंतर कॅन्टीनमध्ये गर्दी झाली. नट रंग न पुसताच आले होते. मास्तर होते, डेपोची मंडळी होती, कॅन्टीनवाल्यानं कप विसळायचं थांबवलं होतं. सगळे बाईंच्या निकालाची वाट पाहत होते. भाऊंची एक मिशी सुटून लोंबत होती.

"सांग ताई. कसं झालं?"

'छान झालं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही रे."

"म्हणजे? आवडलं नाही?"

"मला ऐकूच आलं नाही. तू गात होतास ते दिसलं. ऐकू आला तो नुसता पत्र्याचा आवाज. यातून गाणं गाण्यासारखं येतच नाही, धाकट्या. पहिल्या दिवसापासून येत नाही."

भाऊंनी सुटलेली मिशी काढून हातात घेतली.

"मग इतकी वर्षं ते आग आणि बंब आणि तीन कडवी..."

"तू एवढ्या हौसेनं आणलंस हे. काय सांगणार होते तुला?"

"अगं, मी तुझ्यासाठी गाणं सोडलं!"

"ते मला त्या दिवशी कळलं. मी तुझ्यासाठी गद्य बघत होते."

भाऊंना आधी हसू आलं आणि मग ते हसू त्यांना आवरेना, डोळ्यांतून वाहायला लागलं. रंगाचे ओघळ मानेपर्यंत आले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला खिशात आणखी खोल जावंसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "त्याच्यावर रागावू नकोस. तू आणलेल्या या डबड्यानं मला माणसं परत दिली. गाणी नाही दिली, एवढंच." माझ्याबद्दल कुणी काढलेले हे सगळ्यांत चांगले उद्गार.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दवाखाना बंद असताना भाऊ खाली आले. बाईंना त्यांनी पेशंटच्या खुर्चीत बसवलं, मला ट्रेमध्ये ठेवलं आणि उघड्या कानाशी तोंड नेऊन खालच्या पट्टीत, एकेक ओळ म्हणायला लागले. बाईंच्या कानांत जाड, खालचे सूर थोडेसे उरले होते. अगदी जवळून म्हटलं, तर ते पोचायचे.

*पलीकडे दिवा कुणाचा अजून तेवतो,*
*परत यायचं ठरलं नव्हतं, तरी वाट पाहतो.*

"पुन्हा," बाई म्हणायच्या. भाऊ पुन्हा म्हणायचे. पेशंटला तोंड उघडायला लावणाऱ्या डॉक्टरीणबाई आता स्वतः तोंड उघडून चुकत होत्या आणि चुकल्या की चिडत होत्या. असे कितीतरी रविवार गेले. पहिली ओळ जमली. दुसरी ओळ 'वाट पाहतो'पाशी अडायची. तिथे चाल उंच चढते. त्या उंचीवरचं बाईंना काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून त्या आपल्या मनानं तिथे सूर खाली आणायच्या, जिना उतरून घरात यावं तसा. भाऊंनी पुष्कळदा हात वर करून दाखवलं. मग एका रविवारी बाईंनी सगळं गाणं डोळे मिटून सलग म्हटलं आणि शेवटी खाली येऊन थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की भाऊंनी वर उचललेला हात परत मांडीवर ठेवला.

"बरोबर?" बाईंनी विचारलं.

भाऊंनी मान डोलावली. "बरोबर."

पुढच्या प्रयोगाला भाऊ म्हणाले, "ते यंत्र दे माझ्याकडे. उगाच सवयीनं चालू करशील." अशा रीतीनं नाटकवेड्या घरातला मी पहिल्यांदा रंगमंचावर गेलो, नावाड्याच्या खिशातून. घाईघाईत ढकलताना माझं बटण चालू झालं होतं. भाऊ गायला लागले आणि दुसऱ्या ओळीशी, 'वाट पाहतो'पाशी, त्यांनी सूर चढवला नाही. सावकाश, हनुवटी झुकवत, तो खाली आणला. तिसऱ्या रांगेत बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत असणार. ते मला खिशातून दिसलं नाही, पण भाऊंचं काळीज कसं धडधडत होतं ते मला कळलं.

विंगेत मास्तर तणतणत आले. "कंडक्टर, चाल वर जाते तिथे! विसरलात काय?"

"विसरलो नाही मास्तर. आमच्या घरी ती खाली येते."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. भाऊंनी मात्र प्रत्येक प्रयोगात ते गाणं तसंच म्हटलं.

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते फार सांगवत नाही. भाऊ एका हिवाळ्यात थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेले. बाईंनी नाटक बंद केलं. मग भाऊंची मुलगी आत्याजवळ राहायला आली आणि तिनं नव्या धर्तीची दोन इवलीशी यंत्रं आणली. ती दुकानात कानाला लावली तेव्हा तिथल्या रेडिओवर गाणं चालू होतं. बाई ते संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. गाणं गाण्यासारखं येत होतं. मी तेव्हा पर्समध्ये होतो. वाईट वाटलं का, असं विचाराल, तर वाटलं. पण त्याहून जास्त हे वाटलं की हे आधी का नाही झालं? आता बाईंना सगळ्यांची गाणी ऐकू येत होती आणि ज्याचं ऐकायचं तोच नव्हता.

तेव्हापासून मी खणात असतो. नवी यंत्रं चार्जिंगला लावली की तेवढ्यापुरती माझी आठवण होते.

गेल्या महिन्यात नावाड्याचं ते नाटक एका नव्या कंपनीनं पुन्हा आणलं. भाची आत्याला मोठ्या हौसेनं घेऊन गेली. परत आल्या आल्या बाईंनी कानांतली यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि खण उघडून मला लावलं.

"काय झालं आत्या? नाटक आवडलं नाही?"

"नाटक ठीक. पण गाणं पार बिघडवून टाकलं मेल्यांनी. दुसऱ्या ओळीत सूर वर नेला. तिथे तो खाली येतो."

भाची चपापली. मग समजुतीनं म्हणाली, "अगं आत्या, मी बाबांच्या कागदांत मास्तरांची चाल बघितलीय. ती वरच जाते. तुला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं ना, म्हणून..."

त्यांनी माझं बटण बंद केलं. मला पुढचं ऐकू आलं नाही, पण खिशाच्या कापडातून त्यांच्या छातीचा कंप जाणवत राहिला. त्या गुणगुणत होत्या. ओरडून सांगावंसं वाटलं मला, पोरी, तुझ्या बाबांनी स्वतः, भर रंगमंचावर, मास्तरांच्या शिव्या खाऊन तो सूर खाली आणला होता! पण मी पडलो ऐकवणारा. मला बोलता कुठे येतं?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. आम्हा जुन्या यंत्रांना पुसून, सेल काढून नीट ठेवा, ते तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखादं गाणं चुकीच्या चालीत म्हणत असेल, तर लगेच सुधारायला जाऊ नका. जवळ बसा आणि ते त्यांना कुणी शिकवलं, एवढं विचारा.